होडीत खोट निघाली नाही

६ फेब्रु., गुरुवार
नलूचं डायलिसिस. सुई नीट लागेना, दंड काळानिळा. परतताना रिक्षात तिने मोबाइलवरची जाहिरात पुढे केली. चाकणला फायबरचं काम करणाऱ्या सलीमभाईंच्या शेडमागे जुनी होडी विकायला आहे. धरणावर पर्यटकांना फिरवायची.
रिटायर झालो की ही दापोडीची खोली सोडून तिच्या माहेरी, कोकणात दापोलीकडे, होडी घेऊन राहायचं, हे लग्नापासून ठरलेलं. पण तिथे डायलिसिस कुठे...
म्हटलं, आता होडी काय करायची?
"बघून तरी या."

८ फेब्रु.
कोळ्याची मुलगी. मला पढवत बसली. "तळ ठोकत जायचं. टणक वाजलं तर ठीक, बद्द वाजलं की आत पाणी मुरलंय. मागची फळी, मशीन लटकते ती, अंगठ्याने दाबा. मशीनचं तेल दुधाळ दिसलं तर सरळ उठून यायचं. आणि एखाद्याच जागी नवा रंग असेल तर विचारा, खाली काय झाकलंय."
धाप लागली तरी थांबेना. कित्येक महिन्यांनी एवढं बोलली.

९ फेब्रु., रविवार
चाकण. सलीमभाई म्हणाले, "घ्या ठोकून, राव. कुछ छुपाया नहीं."
खाली आडवा होऊन सगळा तळ ठोकला. टणक. फळी घट्ट. तेल स्वच्छ. पाण्याच्या पिंपात मशीन लावली, पहिल्या झटक्यात चालू.
मी खोटच शोधत होतो. सापडली असती तर घरी सांगायला काही...
भिंतीशी बसलो. सलीमभाईंनी चहा आणून दिला, विचारलं काही नाही.
घरी सांगितलं, फळी कुजलीय.
"बरं," म्हणाली.

१० फेब्रु., सोमवार
डायलिसिस चालू असताना नलू म्हणाली, "फळी कुजली असती तर तुम्ही तणतणत आला असता. काल डोळे सुजवून आलात."
मी तिच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.
"घ्या ती. माझ्यासाठी नाही सांगत."
"मग कोणासाठी?"
"मागाहून या दापोडीच्या खोलीत एकटे काय करणार तुम्ही?"
नर्स आली. बोलणं तिथंच राहिलं.

१३ फेब्रु.
तो विषय दोघंही काढत नाही. डाळ करपवली मी. तिने निमूट खाल्ली.

१६ फेब्रु., रविवार
तिनेच रिक्षा बोलावली. चाकण.
सलीमभाईंनी खुर्ची टाकली, बसली नाही. माझा खांदा धरून होडीभोवती फिरली. बोटं सुजलेली, मूठ वळत नाही, तळव्याने थापटत गेली. कान लावून ऐकलं. मग तिथंच गाल टेकून उभी राहिली.
"हिने खारं पाणी बघितलंच नाही अजून."
सलीमभाईंनी मला बाजूला घेतलं. "दुसरं गिऱ्हाईक आहे, भाऊ. नाही म्हणू त्याला?"
म्हटलं, संध्याकाळी सांगतो.
येताना ती खांद्यावर झोपली. वजनच लागत नाही आता तिचं.
आत्ता सलीमभाईंचा फोन वाजतोय. आतून नलू म्हणते, "उचला."