सहावी-ब चा विद्यार्थी विनायक, वय चोपन्न

नोएडा, गुरुवार

तीर्थस्वरूप अण्णासाहेब मामांस,

भाचा विनायक याचा साष्टांग नमस्कार (कंबरेमुळे आठांपैकी सहाच अंगं टेकली आहेत; उरलेली दोन टेकली असं मानून घ्यावं). तुमचा गुडघा कसा आहे? हिंदूराव इस्पितळाच्या डॉक्टरांनी जिने बंद केले असतील, तर मेट्रोला लिफ्ट असते, एवढं ध्यानात असू द्या. कारण पुढे येईल.

आमच्या शाळेत प्रत्येक मुलाला त्याच्या कुवतीप्रमाणे शिकवणारं ऑनलाइन यंत्र आलं आहे. (मुलं त्याला ‘ॲप’ म्हणतात, मी यंत्रगुरुजी म्हणतो.) चाळीस मुलं, चाळीस टॅबलेट, चाळीस वाटा. एक टॅबलेट मलाही मिळाला. उघडल्याबरोबर त्याने विचारलं, आपण शिक्षक की विद्यार्थी? आता माणूस मरेपर्यंत विद्यार्थीच असतो, हे तुम्हीच मला लहानपणी शिकवलंत. मी नम्रपणे ‘विद्यार्थी’वर बोट ठेवलं. नम्रतेचं फळ इतक्या त्वरेने मिळाल्याचं पुराणातसुद्धा वाचलेलं नाही.

कारण मग मी वर्गात संस्कृतची संथा सुरू केली. आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे: गुरुजींनी एकदा म्हणायचं, मुलांनी दोनदा. यंत्रगुरुजी मोजत होते. आठवड्याने अहवाल आला. चाळीस मुलं उत्तम. एक मात्र सगळ्यांच्या निम्मंच म्हणतो आणि इतर म्हणत असताना खिडकीबाहेर बघतो. (टॅबलेटला डोळाही असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.)

प्राचार्या चेतना मॅडमकडे गेलो. त्या म्हणाल्या, “विनायकजी, मैं तो मानती हूँ आप टीचर हैं. पर सिस्टम नहीं मानता ना!” विद्यार्थ्याचा शिक्षक करायचा तर पालकांची समक्ष संमती लागते. सोमवारपर्यंत ती मिळाली नाही, तर सहावी-ब कायमची यंत्रगुरुजींकडे. तेवीस वर्षं शिकवलेला वर्ग, मामा. तोवर मी शेवटच्या बाकावर, कानाला हेडफोन, गुडघे हनुवटीला. पडद्यावर एक हिरवा पोपट नाचत नाचत मला विभक्ती शिकवतो. शेजारच्या सुकन्येला यंत्राने माझी अभ्याससोबतीण नेमलं आहे. पोर मोठी दयाळू. काल डबा पुढे करून म्हणाली, “सर, घबराओ मत. पहले मैं भी वीक थी.”

बाकी घरी क्षेम. प्रमोदिनी नमस्कार सांगते.

आपला आज्ञाधारक
विनायक

ता. क. शनिवारी माझे पालक म्हणून शाळेत याल का? वडील फौजेत असताना माझ्या सहावीच्या प्रगतिपुस्तकावर तुमचीच सही असे, तेव्हा हे पद तुमच्याकडे पूर्वीपासूनच आहे. त्या पुस्तकात काय लिहिलेलं असे, ते मात्र मॅडमना सांगू नये.

ता. क. २. प्रमोदिनीला आधी विचारलं होतं. तिने अहवाल वाचला, ‘एकदाच बोलतो, मग खिडकीबाहेर बघतो,’ आणि म्हणाली, “यात चुकलंय काय? लग्नानंतर मला हे कळायला दोन वर्षं लागली, त्याला आठवडा पुरला.” ती येणार नाही.

ता. क. ३. याल तर दुपारी तीननंतर या. सकाळी पोपटाची चाचणी आहे, आणि सुकन्येपेक्षा मी आता एकाच ताऱ्याने मागे आहे.