ब्रश बदलल्यावर

४ मार्च

ती. बाबांस भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

वाचनालयाच्या सभेत तुम्ही माझ्यावर पाऊण तास बोललात, हे आईने कळवलं. लेकीने मिठाला दार करून दिलं, हे वाक्य म्हणे तुम्ही तीनदा घेतलंत.

बाबा, ते दार माझं असेलच असं नाही. आमच्या प्रयोगशाळेत मिठाच्या पाण्याच्या दोन वाट्या असतात. मधल्या भिंतीला टाचणीएवढं भोक, आणि त्यावर ब्रशने रंगवलेला चरबीचा पडदा. चरबीतून मिठाचे कण जात नाहीत. मी बनवलेला रेणू पडद्यात शिरला की वाट उघडते, कणांबरोबर वीज वाहते आणि संगणकावरची सपाट रेघ पायरी चढते. काल मी रेणू न घालता नुसता पडदा रंगवला, तरीही पायऱ्या चढल्या. ब्रशच्या केसांत कसलीतरी घाण अडकली असावी. मग आजवरच्या पायऱ्या माझ्या रेणूच्या की त्या घाणीच्या, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

माझ्या मार्गदर्शक मॅडमना सगळं सांगितलं. परिषदेतलं माझं भाषण आम्ही मागे घेतलं. तुम्ही मात्र चार माणसांत सांगून बसलात, त्याची रुखरुख वाटते.

माया आहे तशीच असू द्या.
तुमची भिंगरी

११ मार्च

चि. भिंगरीस अ. उ. आ.

रुखरुख कसली? काल सभेत उभा राहिलो आणि सांगून टाकलं, की मागे बोललो ते अजून सिद्ध झालेलं नाही, आणि हे माझ्या मुलीनेच शोधून काढलं आहे. शिंपीबुवांनी टोमणा मारला, की आमची तोफ पहिल्यांदाच मागे वळली. मी म्हटलं, वळली, आणि मान ताठ ठेवून वळली. आपल्याच यशावर पहिला संशय आपणच घ्यावा, हे मी जन्मभर व्यासपीठावरून ओरडत आलो. लोक टाळ्या वाजवून घरी गेले. तू ते करून दाखवलंस. काही मुलांच्या शरीरातली ही दारं जन्मापासूनच बंद असतात, असं मागे एका पत्रात तूच लिहिलं होतंस. त्यांना खोटं दार काय कामाचं?

तुझ्या आईच्या मते, मागे घ्यावीत अशी माझी बरीच विधानं घरातही शिल्लक आहेत. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस. नवा ब्रश घे.

तब्येत सांभाळ, जेवत जा.
तुझे बाबा

२ एप्रिल

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

ब्रश बदलला, वाट्या बदलल्या. आता रेणू न घालता रेघ दिवसभर सपाट राहते. काहीच घडत नाही हे पाहून इतका आनंद मला कधी झाला नव्हता. आता त्यात रेणू घालायचा. तो प्रयोग तुमच्यासमोर करावा असं मनात आहे. या.

एकच अट. तिथे बोलायचं नाही. मोठ्या आवाजाने पडदा फुटतो, परवा तर एकाच्या शिंकेने गेला. तुमचं वर्णन ऐकून मॅडमनी दोनदा विचारलं, की यांना खरंच आणायचं का.

वाट पाहते.
भिंगरी

२० एप्रिल

चि. भिंगरीस आईचे अनेक आशीर्वाद.

हे सुखरूप पोचले. पहिला पडदा यांच्या खोकल्याने गेला, हे यांनी स्वतःच कबूल केलं. मग म्हणे तोंडावर रुमाल धरून बसले. तू रेणूचा थेंब सोडलास, रेघ बराच वेळ पडून राहिली, आणि मग चढली. तू वळून यांच्याकडे पाहिलंस. तेव्हा आपण काय केलं ते यांना आठवत नाही. तू सांगितलंस तर बरं होईल.

काल वाचनालयात सगळ्यांनी यांना बोलायला उभं केलं. मी मागच्या रांगेत होते. हे उभे राहिले. नुसता हात पुढे केला, आडवा धरला, आणि हळूच एक पायरी वर नेला. थोडं थांबून आणखी एक. मग खाली बसले. शिंपीबुवा म्हणाले, इतक्या वर्षांत यांचं एवढं चांगलं भाषण ऐकलं नव्हतं.

घरी आल्यावर मात्र बांध फुटला. तू ब्रश कसा धरतेस इथपासून सुरुवात केली. शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. एरवी मी आवाज कमी करायला सांगते. काल नाही सांगितलं. मलाही ऐकायचं होतं.

उत्तर लवकर धाड.
तुझी आई