आपण ऑप्ट केले आहे

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक. तुझी भावजय मजेत, मुलं मस्तीत. मामा नेहमीप्रमाणे डबा घेऊन माझ्या आधी कारखान्यात हजर.

एक काम आहे, आणि तू हसणार. आमच्या पंपाच्या कारखान्यात नवे साहेब आलेत. पॅकिंगला मशीन बसणार, म्हणून तिथली काही माणसं लवकर निवृत्त होतील. त्यांना द्यायची इंग्रजी पत्रं माझ्या टेबलावर आली आहेत, कारण पर्सोनेल ऑफिसरची पाटी माझ्या दारावर आहे. मी लिहिलं, तुम्हाला सिलेक्ट केलं आहे. साहेब म्हणाले, बक्षीस लागल्यासारखं वाटतं. चूज लिहिलं, तर म्हणाले, कोणी चूज केलं असं लोक विचारतील. पिक वाचून ते हसलेच.

तू वर्गात हेच शिकवतेस, तर या शब्दांत नेमका फरक काय ते कळव. जरा गोड शब्द हवा आहे.

लोभ आहेच, उत्तराचीही घाई असावी.

तुझा,
धाकटा

१० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. आ.

गोड हवं असेल तर मिठाईच्या दुकानात जा. मी व्याकरण शिकवते.

तरी सांगते, कारण शाळेत असताना नेमका हाच धडा आला की तुझं पोट दुखायचं. चूज म्हणजे मनाला विचारून घेणं, मग ती चप्पल असो की नवरा. सिलेक्ट म्हणजे पट्टी लावून पारखणं. पट्टी ज्याच्या हातात तो खुर्चीवर, बाकीचे रांगेत. पिक म्हणजे टोपलीतून टोमॅटो उचलावा तसं. इलेक्टला मतं मोजावी लागतात. प्रिफर म्हणजे नुसतं जास्त आवडणं. आवडलेलं मिळेलच असं नाही, माझ्या बदलीच्या अर्जाला विचार. डिसाइड म्हणजे वादाचं दार लावून कडी घालणं. आणि ऑप्ट म्हणजे समोर दोन-तीन वाटा खरोखर मोकळ्या असताना आपल्या पायांनी त्यातल्या एकीवर जाणं.

या सगळ्यांना एक गोष्ट लागते, ती तुझ्या पत्रात कुठेच नाही. कर्ता. निवडतंय कोण? साहेबांना क्रियापद हवंय, पण कर्ता म्हणून उभं राहायला लाज वाटते. अशा माणसाला माझ्या वर्गात मी बाकावर उभं करते.

आणि पॅकिंगची एवढी कहाणी लिहिलीस, पण मामा त्याच पॅकिंगमध्ये आहेत हे लिहायला शाई पुरली नाही वाटतं. त्यांचं काय ते सरळ लिही.

आशीर्वाद आहेत, सध्या तरी.

ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

साहेबांना तुझा ऑप्ट फार आवडला. पत्र असं झालं: आपण लवकर निवृत्ती ऑप्ट केली आहे. खाली सहीची जागा. तू कर्ता विचारलास, तर आता पत्र घेणाराच कर्ता झाला आहे. साहेबांच्या मते त्यातच सगळी गंमत आहे.

हो, मामाही त्यात आहेत. त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवलं. म्हटलं, तुम्ही ही वाट निवडली आहे असं लिहिलंय. त्यांनी विचारलं, दुसरी कोणती होती? मी सहीच्या जागेवर बोट ठेवलं. मग त्यांनी माझंच पेन मागून घेतलं आणि सही केली. तेव्हापासून घरात मुलांशी बोलतात, हिच्याशी बोलतात.

मी नसतो तर दुसऱ्या कोणीतरी हेच केलं असतं. मलाही घर आहे, ताई.

लोभ कमी करू नये.

धाकटा

२४ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद या पत्रापुरते राखून ठेवले आहेत.

चोराने कुलपाच्या दुकानात येऊन कुठलं कुलूप सहज उघडतं ते विचारावं आणि दुकानदाराने खुशाल सांगावं, तसं माझं झालं. काय सुंदर इंग्रजी शिकलात दोघं. खोलीला दार एकच, त्यातून माणसाला ढकलायचं आणि वर कौतुक करायचं की वा, काय छान दार निवडलंत.

तुला आठवणार नाही, तू फार लहान होतास. बाबांपाठोपाठ आईही गेल्यावर सगळे नातेवाईक बाहेरच्या खोलीत चहा पीत बसले होते. मोठे काका म्हणाले, मुलगी कामाला उपयोगी पडेल, तिला मी नेतो. लहानग्याचं बघू नंतर. मामांचं तेव्हा लग्नाचं वय. त्यांना सांगितलं गेलं की तुला एवढा पुळका असेल तर एकाला घेऊन जा, कोणाला ते तू ठरव. मामांनी तुला कडेवर घेतलं, माझा हात धरला आणि निघाले. चहाही प्यायले नाहीत. याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला आजवर सापडलेलं नाही.

त्या माणसाला तू पेन दिलंस. आणि वर मला सांगतोस की तुला घर आहे.

सह्या झालेली ती पत्रं साहेबांच्या हातात पडली का? पडली नसतील तर तुला अजून काही करता येईल. काय करतोस ते कळव. नाही कळवलंस तर मी येऊन मामांना घेऊन जाईन, आणि तुझं मत विचारणार नाही.

ताई

१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्रं माझ्याच कपाटात होती. ती घेऊन मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, ही खोटी आहेत, कोणीही काहीही ऑप्ट केलेलं नाही. कंपनीने ठरवलं असं लिहू आणि खाली तुमची सही करा. ते म्हणाले, म्हणजे फक्त क्रियापदच बदलायचं ना? मी म्हटलं, कर्तासुद्धा. तिथे त्यांचा चेहरा उतरला. कंपनीने ठरवलं असं लिहिलं की कायद्याने प्रत्येकाचं म्हणणं ऐकावं लागतं, दुसऱ्या खात्यात काम आहे का ते बघावं लागतं. ते सही करेनात.

मग मी पॅकिंगमध्ये गेलो आणि ज्याचं पत्र त्याच्या हातात परत दिलं. त्यात काय लिहिलं होतं ते आपल्या भाषेत सांगितलं. एकाने माझ्या तोंडासमोर पत्र फाडलं. लेबलं लावणाऱ्या बाई म्हणाल्या, तुम्ही चांगले होतात. तो भूतकाळ मला बरोबर ऐकू आला.

मशीन सध्या खोक्यातच आहे. बोलणी चालू आहेत, निम्म्या लोकांना तरी दुसरीकडे घेतील असं दिसतं. माझ्या दारावरची पाटी उतरली. मला गोदामात बसवलंय, तिथे खिडकी नाही. साहेब सगळ्यांना सांगतात की हे मी ऑप्ट केलं. या वेळी मात्र त्यांचं इंग्रजी बरोबर आहे.

आता मामांचं. त्यांना जुळणी खात्यात जागा मिळत होती. त्यांनी ती लेबलंवाल्या बाईंना द्यायला सांगितली आणि स्वतःच्या हाताने एक ओळ लिहून साहेबांपुढे ठेवली: मी दमलो आहे, काम सोडतो. मी खूप गयावया केली. ते काही ऐकेनात. साहेबांनी मलाच बोलावून त्या ओळीचं इंग्रजी करायला सांगितलं. मामा तिथेच उभे होते. म्हणाले, ते राहू दे, मला काय म्हणायचंय ते माझं मी लिहिलंय.

साहेबांनी तो कागद तसाच ठेवून घेतला. संध्याकाळी आम्ही दोघं चालत घरी आलो. मामा वाटभर बोलत होते, माझ्याशी.

राखून ठेवलेल्यातले थोडे आशीर्वाद पाठवशील का?

तुझा,
धाकटा