आधी तिचं म्हणणं

कोल्हापूर,
६ जुलै २०२५

ती. आत्यास,
निशाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेतलाय. याला तुला मधेच तोडता येणार नाही.

शाळेत मी एकटी पडले आहे. नववीच्या कच्च्या मुलींची वेगळी तुकडी करावी, असं गणिताच्या दानेश्वरी मॅडमनी शिक्षकसभेत मांडलं. त्या गडहिंग्लजकडच्या. मी त्यांना अक्का म्हणते, आणि या शाळेत आपलं माणूस म्हणावं अशा त्याच एक. पण मला राहवलं नाही. उभी राहिले आणि थेट तुझ्या आवाजात बोलले. म्हणाले, ही वेगळी पंगत आहे, माझ्या आत्याला शाळेत दाराशी बसवायचे तशी. ज्यांना ती मांडायची हौस आहे त्यांनी आधी तिथं स्वतः बसून दाखवावं. टाळ्या पडल्या. मुख्याध्यापकांनी निर्णय महिनाअखेरीच्या सभेवर टाकला.

आता टाळ्या वाजवणारं कुणी माझ्याजवळ बसत नाही आणि अक्का खिडकीशी, माझ्याकडं पाठ करून जेवतात. त्यांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी रोज माझ्या भाकरीवर पडायची. काल त्यांनी मला निशा मॅडम म्हटलं. खोलीवर आले, तर कुकरच्या शिट्टीखेरीज बोलणारं कुणी नाही.

मुद्दा तर खरा होता. मग मी चुकले कुठं?

रागावलीस तरी लोभ तेवढाच राहू दे.
तुझी,
निशा


मुरगूड,
११ जुलै

चि. निशास,
अ. आ. आणि जयभीम.

वेगळी पंगत वाचून मी मांडीवर थाप मारली. शाब्बास म्हणाले. दुसऱ्यांदा वाचलं आणि ते शाब्बास परत घेतलं. अगं बाई, भाषण गिरणीच्या मालकाला करायचं असतं, कारण तो ऐकतच न्हाय. जी रोज चटणी वाढते तिला कसलं भाषण करतीस?

आमच्या सूतगिरणीतल्या दुसऱ्या युनियनचे रुद्राप्पा आठवतात? त्यांच्या मिशांना तू भ्यायचीस. आख्खी गिरणी म्हणायची, ह्या दोघांचं पटत न्हाय. न्हवतंच की पटत! पण प्रत्येक सभेआधी आम्ही कॅन्टीनात बसायचो. नियम एकच. आधी मी त्यांचं म्हणणं माझ्या तोंडानं मांडायचं, ते व्हय म्हणेपर्यंत. मगच माझा विरोध. मग त्यांची पाळी. ते खट माणूस! चहावर चहा जायचे तरी न्हायच म्हणत राहायचे. पण सभेत आमचा वार मुद्द्यावर पडायचा, माणसावर न्हाय.

दानेश्वरीला ती तुकडी का हवी, हे तुझ्या पत्रात कुठंच न्हाय. विचारलंस का? मुद्दा सोडू नकोस. सोडलास तर माझी भाची न्हवंस. पण आधी तिचा व्हय मिळव.

रुद्राप्पा मागच्या थंडीत गेले. आता गावच्या वाचनालयातल्या बैठकीत मी काहीही बोलले तरी सगळे माना हलवतात. जिंकते आणि घरी येते. बाकी झकास. उगाच इकडं धावत येऊ नकोस.

माया राहू दे, वादही राहू दे.
तुझी आत्या,
बाळाबाई


कोल्हापूर,
१ ऑगस्ट

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

डबा घेऊन अक्कांच्या खिडकीशी गेले. म्हटलं, तुम्हाला शाळेचा निकाल वाढवायचाय, असंच ना? न्हाय म्हणाल्या, मान न वळवता. दुसऱ्या दिवशी म्हटलं, शिकवायचा ताप कमी करायचाय. पुन्हा न्हाय. शेवटी मी अंदाज बांधणं सोडलं आणि विचारलं.

त्या कानडी घरातल्या. शाळेत त्यांच्या मराठीला वर्ग हसायचा. गणित यायचं, पण अडलं तर विचारायला तोंड उघडत नसे. कुणी हसणार नाही अशी एक खोली त्यांना या मुलींसाठी हवी होती. हे मी जसंच्या तसं मांडलं, तेव्हा कुठं व्हय आला. मग माझं म्हणणं सांगितलं. त्या खोलीला पोरी काय नाव ठेवतील, आणि ते नाव दहावीनंतरही कसं चिकटून राहील. अक्का चिडल्या, डबा झाकून उठून गेल्या.

दोन दिवसांनी स्वतःच आल्या. तुकडी नको, म्हणाल्या, शाळा सुटल्यावर एक तास घेऊ. पहिल्या नंबरची असो की शेवटची, जिचं अडलंय तिनं यावं. दोघींनी शिकवायचं. आणि मुख्य वर्गातलं हसणं बंद पाडायचं काम माझं. कालच्या सभेत आम्ही दोघींनी मिळून हे मांडलं. पंगतीचा शब्द मी भर सभेत मागे घेतला. टाळ्या नव्हत्या. मुख्याध्यापकांनी दिवाळीपर्यंत करून पाहा म्हटलं.

चटणी अजून आलेली नाही. अक्का खिडकीशीच जेवतात, पण खुर्ची आता माझ्याकडं वळवली आहे.

आत्या, आता तुझं म्हणणं मी मांडते. तुला पुस्तकं पुरतात, एकटीला बरं चाललंय, आणि रुद्राप्पांचं सहज आठवलं म्हणून लिहिलंस. बरोबर? व्हय म्हण, म्हणजे मी विरोध मांडते.

उत्तरात कंजूषपणा नको, लोभातही नको.
तुझी,
निशा


मुरगूड,
५ ऑगस्ट

चि. निशास,
अ. आ.

न्हाय. पुस्तकं पुरतात हे खरं, पण ती उलटून बोलत न्हाईत. पुढचं तूच ओळख. रविवारी ये आणि समोर बसून मांड. चहाचं आधण मोठं ठेवते. लगेच व्हय म्हणणार न्हाय.

वाट बघते.
तुझी आत्या,
बाळाबाई