उपाशीपोटी

आई, आज सकाळी मी उपाशीपोटी रक्त दिलं. इस्लामपूरच्या ज्या लॅबमध्ये मी वीसेक वर्षं लोकांच्या नसा शोधते आहे, तिथंच, पेशंटच्या खुर्चीत बसून. मागच्या महिन्यात आम्हा सगळ्या कर्मचाऱ्यांची तपासणी झाली आणि माझी साखर काठावर निघाली. डॉक्टर म्हणाले, पुन्हा करा, मग बघू. तुला जाऊन बारा वर्षं झाली आणि तुझा आजार आता माझ्या दारात उभा आहे. मला भीती नाही वाटली, राग आला. माझा राग तुला माहीत आहे. तुझ्या गालाला तर चांगलाच माहीत आहे.

तो दिवस मी वर्षानुवर्षं कुणाला सांगितला नव्हता. शिराळ्याकडून पहिली एसटी धरून तू आली होतीस, हातात माझ्यासाठी मेथीची पेंडी. तुझी साखर काही केल्या खाली येईना आणि पायाच्या बोटाला जखम झालेली. मी दंडाला रबर बांधलं आणि विचारलं, काही खाल्लं नाहीस ना? "पानी सुदीक न्हाई घेतलं," तू म्हणालीस आणि हसलीस. दात काळे, हिरडीला ओली मिश्री. तव्यावर भाजलेल्या तंबाखूच्या त्या वासानं मला लहानपणापासून ओकारी यायची. मी ओरडले, मग हे काय आहे? "आगं, मिश्री काय खानं हाय व्हय? एकादशीला बी लावत्यात बाया." खोटारडी, म्हणाले मी, आणि दिली ठेवून. पूर्ण हातानं. समोरच्या बाकावर सात-आठ पेशंट बसलेले. तुझं डोकं भिंतीवर आपटलं, मिश्रीची डबी फरशीवर पडून उघडली, आणि तू गाल चोळायचा सोडून खाली वाकलीस, भुकटी गोळा करायला. ते बघून माझं डोकं आणखीच फिरलं. मी डबीवर पाय दिला. तुझी बोटं डबीवरच होती. बोटांतून रक्त आलं, पण त्या दिवशी तुझं रक्त तपासायचं राहूनच गेलं.

मिश्री तुझ्या तोंडात कशी आली ते मला माहीत नव्हतं असंही नाही. मी तेव्हा चौथीत होते. भाकरी करपली म्हणून अण्णांनी लोखंडी फुंकणी तुझ्या तोंडावर हाणली आणि दाढ चुलीपुढं राखेत पडली. मी ती उचलून धुतली होती, परत बसवता येईल असं वाटून. शेजारच्या काकूंनी बोटावर मिश्री घेऊन तुझ्या हिरडीला चोळली. "घे, बधिर हुईल. कळ मरंल." आठ दिवसांत दुखणं गेलं, मिश्री राहिली. मारही राहिला. त्याच गालावर मी मारलं, आई. अण्णांचा हात मला वारशानं आला आणि आता तुझी साखर.

त्यानंतर तू लॅबची पायरी चढली नाहीस. "लेकीला तरास नगं," म्हणत वर्षभर तपासणी टाळलीस. बोट काळं पडलं तेव्हा सांगलीला नेलं, गुडघ्याखाली पाय कापला, तरी विष वर चढलंच. तेराव्याला मी आल्यागेल्याला सांगत होते, मिश्रीनं घात केला. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या थपडेनं तुझी तपासणी बंद पाडली, हे मी कुणाला सांगितलं नाही.

आता तुझी नात साताऱ्याला कॉलेजात आहे. गेल्या वर्षी सुट्टीला आली तेव्हा तिच्या बॅगेत पेनासारखं एक यंत्र सापडलं. "मम्मी, तंबाखू नाहीये त्यात, नुसती वाफ आहे." हापूसच्या वासाची वाफ! ई-सिगारेट विकायला बंदी आहे, पण मिळतं सगळं. माझ्या हातात लाटणं होतं. पाठीवर, मनगटावर, ती कोपऱ्यात शिरून बसेपर्यंत हाणलं. मनगट महिनाभर पट्टीत होतं. यंत्र मी कपाटात कुलूप लावून ठेवलं. फेकलं का नाही, देव जाणे. ती साताऱ्याला निघून गेली त्या दुपारी, बघू तरी काय असतं म्हणून ओढलं. छातीतली धग क्षणात निवली. तुझी कळ अशीच मेली असेल. तेव्हापासून सोडलेलं नाही.

काठावरचा रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांना विचारलं, यंत्राबद्दल, दुसऱ्याच कुणाचं तरी असल्यासारखं. ते म्हणाले, "आंबा वासापुरता. आत बहुतेक निकोटीनच असतं. त्यानं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, साखर चढू शकते. या वाफेचं सगळं अजून उलगडलेलं नाही, पण घरात मधुमेह असेल त्यानं तर हातही लावू नये." लेकीला मात्र फोनवर खरं सांगितलं, तिचं यंत्र मीच ओढते म्हणून, आणि तुला मारलेली ती थप्पडही. ती म्हणाली, "आजीला मारलंस, मला मारलंस. आता तुला कोण मारणार?" आणि फोन ठेवला.

आज सकाळी माझ्या जोडीला काम करणारीनं रबर बांधलं आणि नस चाचपत विचारलं, "ताई, काही खाल्लं नाही ना?" मी घरातून निघताना न्हाणीघरात ओढून आले होते. आंब्याचा वास मला स्वतःला येत होता.

"पाणीसुद्धा नाही," मी म्हणाले. आई, मला खोटं बोलल्यासारखं वाटलंच नाही. सुई आत गेली तेव्हा कळलं, त्या दिवशी तूही खोटं बोलत नव्हतीस.

हे पत्र तुझ्या फोटोमागं ठेवणार होते, पण तिथं ते लेकीच्या हाती लागेल. म्हणून पर्समध्ये ठेवते आहे, यंत्राशेजारी. ते अजून फेकलेलं नाही.