राजाकडे की बादशहाकडे

बोकेर, जुलै १८३२

आईस रेजिसचा वाकून नमस्कार,

आई, मी धडधाकट आहे आणि सुकाणूवर आहे!

रोन नदीवर डावं-उजवं कुणी म्हणतच नाही. डावा काठ बादशहाचा, उजवा राजाचा. पूर्वी पलीकडे परक्या बादशहाचा मुलूख होता म्हणे. तो जाऊन शेकडो वर्षं झाली, पण नावाड्यांच्या तोंडातून काही गेला नाही. मला काय ठाऊक! पहिल्या दिवशी आमचे तांडेल शाबालमामा ओरडले, "बादशहा!" मी सुकाणू सोडून टोपी काढली आणि ओरडलो, "बादशहा अमर राहो!" नाव थेट वाळूत रुतली.

"अरे शहाण्या, सलाम कसले ठोकतोस?" मामा खवळले. "सेंत-एस्प्रीच्या पुलाखाली असं केलंस तर सगळे बुडू. आणखी एक चूक, की तुला काठावर उतरवलाच समज."

काल तो पूल आला. कमानींतून पाणी नुसतं गर्जत होतं. तू घाबरू नकोस, मी पोहायला शिकतोच आहे. मामा ओरडले, "राजा!" मी क्षणभरही न थांबता सुकाणूवर सगळा भार टाकला. खांब हाताला लागेल इतक्या जवळून गेला आणि आम्ही पार!

मामा एवढंच म्हणाले, "लियोंपर्यंत परत जाताना सुकाणू तूच धर."

म्हणून आई, यंदा चेस्टनट वेचायला मला धरू नकोस. बाबांचा खोकला कसा आहे? त्यांना झाडावर चढू देऊ नकोस, शेजारच्या फिलिबेरला बोलाव. रागावली असशील, तर तसंही कळव, पण कळव.

तुझा, नदीचा झालेला,
रेजिस