सुमनच्या काचेवर

ता. ७ जानेवारी १९५७, सोमवार. कल्याण
ह्यांच्या लघवीला परत तांबडं. म्हणे बीट खाल्लं. ह्या घरात महिनाभर बीट शिजलेलं नाही, शिजवणारी मीच. मागेही एकदा झालं, दोन दिवसांत थांबलं, म्हणून गप्प बसले. दुखत नाही, खुपत नाही. म्हणून तर लपवायला सोपं.
सुमनने जेवताना सरळ विचारलं, "आजोबा, किती दिवस?" हे म्हणाले, "मुलींनी असलं विचारू नये." म्हटलं, तुमची नात ठाण्याला लॅबोरेटरीत ह्याचाच पगार घेते. सगळ्या ठाण्याला विचारते, तुम्ही कोण लागून गेलात?
ही वही तिनेच दिली. रोज रंग लिहायचा. दुसरीपर्यंत शिकले ते आता कामाला आलं. सुमनचं नुसतं सु. लिहीन, बोटं दुखतात.

ता. ९, बुध.
ठाण्याला सर्जनकडे. पोटाचा एक्स-रे फोटो काढला. खडा नाही, गाठ नाही. "वय झालं, पाणी प्या." हे एवढे खूश की जिना पोरासारखे चढले.
सु. खूश नाही. तिच्या लॅबोरेटरीतल्या डॉक्टरांनी वाचलंय, रंगात काम केलेल्यांना मूत्राशयात वाईट रोग होतो. फोटोत दिसायच्या आधी त्याच्या पेशी लघवीत उतरतात. हे एकतीस वर्षं मिलच्या रंगखात्यात. लग्नात हात कोपरापर्यंत निळे होते. मला वाटलं, गोंदवून घेतलेत.
बाटली आणलीय. उद्या द्यायची. सकाळची पहिली लघवी नको, रात्रभर तुंबून पेशी कुजतात. ती टाकायची, पाणी प्यायचं, चालायचं, मग दुसरी. आमचा वैद्य पहिलीच मागायचा. असो.

ता. १०, गुरु.
पाचला उठवलं. दोन तांबे पाणी पाजलं. हे गॅलरीत येरझाऱ्या घालतायत, शेजारीण विचारते, परीक्षा आहे का? म्हटलं, हो, आमची.
बाटलीत आधीच काहीतरी पाणी होतं. वास घेतला तर दारू. दारूबंदीत घरात ही बाटली! कोणाची तरी उष्टी उचलून आणली असेल, पोरगी घाईची. मोरीत ओतली, राखेने घासली, उकळत्या पाण्याने धुतली. लख्ख. ह्यांनी गळ्यापर्यंत भरून दिली. साडेसातच्या गाडीने सु. घेऊन गेली.

ता. ११, शुक्र.
सु. आली ती चप्पल न काढता आत. "आजी, बाटलीत स्पिरिट होतं ते कुठे गेलं?"
"मोरीत."
मग तिने समजावून सांगितलं. पेशी टिकाव्यात म्हणून घातलेलं असतं. त्याच्याशिवाय त्या फुगून फुटल्या, काचेवर नुसता चोथा. मी म्हटलं, सांगायचं नाहीस? "आजोबांना सांगितलं होतं." हे भिंतीकडे बघत. असल्या गोष्टी हे मला सांगतील तर शपथ.
चूक माझी. लिहून ठेवते, म्हणजे उद्या नाकबूल व्हायला नको.

ता. १३, रवि.
डोंबिवलीचे लोक सु.ला बघायला. माझा मुलगा, सु.चा बाप, रेल्वेत ड्युटीवर, म्हणून बोलायला मी. सूनबाईने आधीच पढवलेलं, "सासूबाई, डॉक्टरांकडे लिहिण्याचं काम करते एवढंच सांगा."
मुलाच्या आईने विचारलं, नोकरी कसली? सांगितलं, लोकांची लघवी काचेवर घेऊन रोग शोधते. बाईंचा पोह्याचा घास हातातच राहिला. सूनबाई आत पळाली. सु. मात्र मान वर करून बसली होती. बरं वाटलं.
निघताना मुलाचे वडील जिन्यात मागे रेंगाळले. "आजी, मला रात्री चारदा उठावं लागतं हो..." म्हटलं, ठाण्याला या. बाटली धुऊ नका.
लग्नाचं बहुतेक बारगळलं.

ता. १७, गुरु.
परवापासून रोज एक बाटली. स्पिरिट घातलेली. मी हात लावत नाही. आजची तिसरी मात्र मीच नेली, सु.ला लवकर जायचं होतं. मांडीवर धरून ठाण्यापर्यंत. समोरच्या बाईने विचारलं, गोमूत्र का? म्हटलं, त्याहून मोलाचं.
लॅबोरेटरी म्हणजे दोन खोल्या. लघवी यंत्रात गरगर फिरवतात, तळाला पिठाएवढा गाळ बसतो. तो काचेवर, मग काचेला रंग. मग सु. दुर्बिणीला डोळा लावते आणि काच इकडून तिकडे ओळीने सरकवते, तांदूळ निवडावे तशी, एक दाणा न सोडता. वाईट दिसलं की शाईचा ठिपका. तिचे डॉक्टर म्हणाले, "आजी, हिने ठिपका दिला की मी आपला चष्मा पुसतो." डोळ्यांत माझ्या काही आलं नाही. पण कोणाला सांगू असं झालं.
मलाही दाखवलं. एका काचेवर चपट्या, पोळीसारख्या, मधे बारका ठिपका. ह्या चांगल्या. दुसऱ्या काचेवर मधला डागच एवढा काळा, वेडावाकडा, की पेशीला जागाच उरली नाही. दोन-चार एकमेकींना चिकटून.
"ही कोणाची गं?"
सु. दुसरीच एक काच पुसायला लागली. आधीच स्वच्छ असलेली.
परत विचारलं नाही. स्टेशनवर ऊस विकत घेतला ह्यांच्यासाठी.

ता. २१, सोम.
रिपोर्ट. तिन्ही बाटल्यांत वाईट पेशी. ठिपके सु.चे, सही तिच्या डॉक्टरांची. खाली लिहिलंय, नळी घालून आत बघावं.
सर्जन हसला. "फोटो साफ आहे. एका मुलीच्या ठिपक्यांवर म्हाताऱ्याला टेबलावर घेऊ?" ह्यांना तेच हवं होतं. "मोठा डॉक्टर सांगतो ते खरं. मी नळीबिळी घालून घेणार नाही."
घरी भांडले. चांगली दणकून. म्हटलं, तुम्ही नुसत्या नजरेने सांगायचात ना, कुठला रंग धुण्यात उतरेल? मालकाने तुमच्याकडे कधी फोटो मागितला होता? तीच नजर हिला आलीय. सर्जनची कुठून येईल?
संध्याकाळी हे सु.ला म्हणाले, "कुठला रंग देता गं तुम्ही?"
"आधी निळा, मग नारिंगी, शेवटी हिरवट."
"मधे धुता?"
"प्रत्येक वेळी."
"निळा नीट बसला नाही तर पुढचे फुकट."
"तेच तर, आजोबा!"
तासभर चाललं. आमटी निवली. उठताना म्हणाले, "बाई काम नीट शिकलीय." मला नाही, खुंटीला सांगितलं. मग, "जाऊ. घालू देत नळी."

ता. २४, गुरु.
सु.चे डॉक्टर स्वतः सर्जनकडे जाऊन आले. म्हणाले, आत बघा आणि मला खोटं पाडा. सोमवार ठरला. नळीच्या टोकाला दिवा असतो, आतलं सगळं दिसतं.
रंग आज स्वच्छ. चार दिवस स्वच्छ. हे मला भांडं दाखवतात, पोराने पाटी दाखवावी तसं.

ता. २७, रवि.
दुपारी पिशवी भरली. धोतर, पंचा, तांब्या.
सु. कणीक मळत होती. विचारलं, आत काहीच नाही निघालं तर?
"तर सर्जन वर्षभर हसतील मला. हसू देत."
"म्हणजे तू चुकलीस असं होईल?"
"होऊ दे ना, आजी. मी रोज तेच मागतेय."
मी फाडकन म्हटलं, "तू चुकायची नाहीस."
गेलं तोंडातून. मग कळलं काय बोलले. सु.चा हात परातीत थांबला.
हे दाराशीच होते. ऐकलं. पिशवीतला पंचा काढून परत घडी घातली आणि म्हणाले, "बरोबर बोलतेय ती."
नंतर देवापुढे बसले. मागायचं काय ते ठरेना. तशीच उठले.
उद्या नऊ वाजता.